उजवा गुडघा

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी सकाळी तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. दुपारी क्लिनिकमधून फोन आला. आजच या, असं त्या बाई म्हणाल्या. मी ऑफिसातून निघालो आणि तुला स्नूकरच्या हॉलमधून घेतलं. तू क्यू पुसलास, केसमध्ये ठेवलास. चार वाजता डॉक्टरांनी आपल्याला ट्यूमर हा शब्द सांगितला.

त्याला चौदा महिने झाले. तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले.

जियान, हे मी मराठीत लिहितो आहे. तुला मराठीतले मोजून सहा शब्द येत होते: काका, काकू, बस, अजून, नको, आणि माझी बायको वसुधा चिडली की म्हणते ते 'कमाल आहे'. आपण दोघं इंग्रजीत बोलायचो. तुझं इंग्रजी दोन वर्षांत कानावर पडलेलं, माझं पुस्तकांतून आलेलं. त्या इंग्रजीत पुष्कळ गोष्टी मला नीट सांगता आल्या नाहीत आणि एक गोष्ट मी सांगितलीच नाही. ती इथे लिहायची आहे. ज्या भाषेत स्वतःशी खोटं बोलणं मला सगळ्यात कठीण जातं, ती भाषा म्हणून घेतली.

इथे अमेरिकेत, फ्रीमाँटच्या त्या हॉलमध्ये अमेरिकन पूलची नऊ फुटी टेबलं वीस तरी होती. स्नूकरचं बारा फुटी टेबल एकच, अगदी मागे, सोडा मशिनच्या शेजारी. त्यावर बहुतेक वेळ कव्हर असायचं. दर शनिवारी सकाळी ते काढून मी तासभर एकटाच खेळायचो. पुण्यात कॉलेजात असताना एका क्लबात मी हा खेळ शिकलो, तिथल्या मार्करकडून. मार्करचं काम गुण मांडण्याचं, पण आमच्याकडे शिकवायचेही तेच. त्यांचं सगळं शास्त्र स्टान्सचं, म्हणजे उभं कसं राहायचं याचं, आणि ते एका वाक्यात होतं. "उजवा गुडघा सरळ, खांबासारखा. बाकीचं मग बघू." बाकीचं माझ्या बाबतीत कधी झालंच नाही. तीस वर्षांत माझा सगळ्यात मोठा ब्रेक, म्हणजे एका दमात न चुकता केलेले गुण, बेचाळीस.

२००६च्या फेब्रुवारीत एका शनिवारी मी गेलो तर कव्हर आधीच काढलेलं. तू खेळत होतास. मी वीस मिनिटं सोडा मशिनला टेकून उभा राहिलो. तुला वाटलं, मला टेबल हवंय.

"सॉरी सर. दहा मिनिटं."

"अरे, तू खेळ. तू असताना मी या टेबलाला हात लावणं बरं दिसत नाही."

तुला ते कळलं नाही. दहा मिनिटांनी तू खरंच टेबल सोडलंस, कडेच्या स्टुलावर बसलास आणि माझा खेळ पाहिलास. मी इतका वाईट त्याआधी कधी खेळलो नव्हतो. शेवटी तू म्हणालास, "कोणी शिकवलं? स्टान्स छान आहे."

"आणि बाकी?"

तू बराच विचार केलास. "स्टान्स छान आहे."

तू तेव्हा वीस वर्षांचा होतास. तुझी कारकीर्द थांबली आहे, संपलेली नाही, असं तू म्हणायचास. ती मला पुढच्या काही महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी कळली, बहुतेक गाडीत, तू समोर रस्त्याकडे पाहत बोलत असताना. तुझे बाबा हूनानमधल्या एका शाळेत गणित शिकवायचे. सिनेमागृहाच्या मागे एक हॉल होता, तिथे त्यांनी तुला नवव्या वर्षी नेलं. कोन समजावून सांगायला त्यांना चांगला विद्यार्थी मिळाला. अकराव्या वर्षी त्यांनी तुझं नाव शाळेतून काढलं. त्यांच्याच शाळेतून. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले होते की, इथे मी चाळीस मुलांना शिकवतो, तिथे एकालाच शिकवीन. सतराव्या वर्षी तू तिकडची ज्युनियर स्पर्धा जिंकलास आणि व्यावसायिक टूरवर गेलास, इंग्लंडला.

इंग्लंड म्हणजे क्लबच्या वरची एक खोली, तुझ्यासारखे आणखी दोघं आणि एक राइस कुकर. दिवसाला आठ तास सराव. पहिल्या वर्षी तू एका पन्नाशीच्या खेळाडूशी हरलास. तो म्हणे मधल्या वेळात रेफरीला आपल्या कुत्र्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता. "त्याने मला काहीच केलं नाही, काका. त्याने फक्त मला काही करू दिलं नाही." या खेळाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. इतकं नेमकं वाक्य मला कुठे सापडलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षातला शेवटचा सामना. जिंकलास तर टूरवर राहणार, हरलास तर बाहेर. निर्णायक फ्रेम, म्हणजे शेवटचा डाव. प्रेक्षक चार, त्यातला एक झोपलेला. तू चोवीस गुणांनी पुढे होतास. वाकून शॉट घेताना तुझ्या शर्टाचा कफ एका लाल चेंडूला लागला. रेफरी दुसऱ्या बाजूला होता. कोणालाच दिसलं नाही. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "फाउल." या खेळात तशी पद्धत आहे, आपला फाउल आपण सांगायचा. समोरच्याला चार गुण मिळाले, टेबल मिळालं आणि त्याने ते साफ केलं. तू घरी फोन केलास. बाबांनी एकच विचारलं, "रेफरीने पाहिलं होतं?" "नाही." मग त्यांनी फोन ठेवला.

मी ते ऐकून भारावलो होतो. तसं बोललोही, जरा मोठ्या शब्दांत. तू वैतागलास.

"चांगुलपणा नव्हता तो. सांगितलं नसतं तर पुढचा शॉट मारता आला नसता. हात हलला नसता."

"तोच चांगुलपणा," मी म्हणालो.

"नाही. ते टेक्निक आहे."

हा वाद आपण पुढे कितीदा तरी काढला आणि प्रत्येक वेळी घर आलं म्हणून सोडला. तुझं म्हणणं मला आत्ता कुठे पटायला लागलं आहे.

टूर गेली तसा तिथला व्हिसाही गेला. हूनानला परत जाणं तुला नको होतं. फ्रीमाँटला तुझ्या मावशी होत्या. त्यांनी तुला कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकायला बोलावून घेतलं, पण त्यांच्या दोन खोल्यांत त्यांचीच चार माणसं. एप्रिलमध्ये तू आमच्या वरच्या खोलीत राहायला आलास. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडात पात्रता स्पर्धा होती. तिथून टूरवर परत जाता येणार होतं. तुझ्या हातात एक वर्ष होतं आणि त्या वर्षाचं वेळापत्रक तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंस.

आमचं घर तसं शांत. मी एका कंपनीत यंत्रांची मॅन्युअल्स लिहितो, वसुधा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, आमची मुलगी ईशा तेव्हा चौदा वर्षांची आणि दार लावून बसणारी. तू आलास आणि जेवणाच्या टेबलावर माणसं बसायला लागली. तू पोह्यांवर तुमच्याकडचं ते लाल तिखट तेल ओतायचास आणि वसुधा म्हणायची, "कमाल आहे! अरे, चव तरी घे आधी." तू "अजून" म्हणून ताटली पुढे करायचास. ईशाला तू भूमिती शिकवलीस, चिनी चहाच्या डब्यावर चेंडू मारून. मी शनिवारी तुझ्यासाठी रंगीत चेंडू पुन्हा जागेवर ठेवायचो. ईशाने मला रेफरीसारखे पांढरे हातमोजे आणून दिले. "नाउ यू आर ऑफिशियल, बाबा." माझ्या आयुष्यात मी कोणाच्या मोठ्या कामाला इतका उपयोगी पडलो नव्हतो. तो आनंद खरा होता. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि त्याच आनंदाने पुढचं सगळं झालं.

जूनच्या शेवटी शॉट संपवून उठताना तू उजव्या पायावरचा भार काढायला लागलास. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, पोराचा पाय दुखतोय. मी पाहिलं आणि म्हटलं, स्टान्स बिघडला आहे.

"गुडघा सरळ ठेवला की आत दुखतं," तू म्हणालास.

मी घरी येऊन पुस्तकं काढली. दोन संध्याकाळी वाचून, आकृत्या काढून तुझ्यापुढे ठेवल्या. नवे खेळाडू उजवा पाय ताठ ठेवत नाहीत. पाय जवळजवळ समांतर, दोन्ही गुडघे किंचित वाकलेले, भार मधोमध. तू नाही म्हणालास. बाबांनी नवव्या वर्षापासून तुझा गुडघा सरळ करून घेतला होता, मागून दोन बोटांनी ढकलून.

"तुझे बाबा आणि माझे मार्कर, दोघंही जुन्या काळातले," मी म्हणालो. "करून तर बघ."

तू केलंस. दुखणं कमी झालं. वाकलेल्या गुडघ्यावर ताण कमी येतो, एवढंच त्याचं कारण होतं, पण आपल्याला सिद्धी मिळाल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी तू शतक केलंस. ऑगस्टमध्ये शंभरच्या वरचे अकरा ब्रेक, त्यातला एक एकशे एकेचाळीस. शेवटचा काळा चेंडू गेला तेव्हा पलीकडच्या टेबलावरची पूल खेळणारी मुलंही टाळ्या वाजवायला लागली. तू माझ्याकडे क्यू रोखून म्हणालास, "कोच!" बेचाळीसचा खेळाडू मी, एका व्यावसायिक खेळाडूचा स्टान्स सुधारला होता. मी घरी येईपर्यंत गाडीत एकटाच हसत होतो. तू शेजारी होतास तरी एकटाच.

वसुधाला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं.

"अहो, त्याच्या गुडघ्याला सूज आहे. बघितलीत का?"

"रोज आठ तास उभा असतो तो."

"मीही उभीच असते लॅबमध्ये. मला नाही येत सूज. डॉक्टरला दाखवा त्याला."

"डॉक्टर म्हणेल, सहा आठवडे विश्रांती. मग एप्रिलचं काय?"

"गुडघा तुमचा आहे का? एप्रिल तुमचा आहे का?"

"ही इज लिम्पिंग, बाबा," ईशा जिन्यातून म्हणाली. "लाइक, ऑल द टाइम."

मी दोघींनाही सांगितलं की हा खेळ तुम्हाला कळत नाही. हे मी खरोखर म्हणालो.

आता ती गोष्ट. सप्टेंबरातला रविवार होता. हॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसताना तू दार धरून थांबलास. उन्हं अजून होती. तू म्हणालास, "काका, काल झोपेतही दुखलं. तेव्हा तर मी उभा नव्हतो." मग आत बसलास, पट्टा लावलास आणि विचारलंस, "तुम्हाला काय वाटतं? डॉक्टर?"

झोपेत कोणाचा स्टान्स नसतो. हे माझ्या लक्षात आलं. मला आठवतंय, ते लक्षात आलं, आणि मी ते बाजूला सारलं. मी म्हणालो, "थोडं थांबू. नवा स्टान्स आत्ता कुठे बसतोय, मध्येच मोडायला नको."

तू मान हलवलीस. तुला तेच ऐकायचं होतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. तुलाही एप्रिल हवा होता, हे खरंच आहे. पण तू विचारलं होतंस. ज्याला नुसता होकार हवा असतो तो दार धरून तसा थांबत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी तू आमच्या जिन्यात पडलास. वसुधाने मला न विचारता अपॉइंटमेंट घेतली. मग तो बुधवार.

नंतरचं तुला माहीत आहे. औषधांनी तुझे केस गेले, भुवया गेल्या, तिखट तेलाचा वास सोसेना. मार्चमध्ये पाय काढला, मांडीच्या मध्यापासून. एप्रिलमध्ये ती स्पर्धा झाली. तू कॉम्प्यूटरवर ड्रॉ, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडायला लावलास आणि नावं वरपासून खालपर्यंत वाचलीस. तुझ्या इंग्लंडच्या खोलीतले ते दोघंही त्यात होते.  मग म्हणालास, "काका, शॉट मारताना एक पाय जमिनीला लागलेला पाहिजे, असा नियम आहे ना?"

"हो."

"एकच पाहिजे ना? मग मी नियमात आहे."

वसुधा उठून स्वयंपाकघरात गेली. तू हसत होतास. मीही हसलो. त्या हसण्याला मला अजून क्षमा करता येत नाही, माझ्या.

त्या उन्हाळ्यात तू टेबलाच्या कडेला कंबर टेकवून एकतीसपर्यंत गेलास. पुढे मीच रंगीत चेंडू ठेवायला उशीर करायचो, तुला दम घेता यावा म्हणून. तुला ते कळत होतं. थंडीत फुप्फुसांचे फोटो काढले आणि डॉक्टरांनी तुझ्या बाबांना बोलावून घ्यायला सांगितलं.

ते आले. बारीक अंगाचे, खिशाला पेन लावलेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. तुझ्या मावशी मध्ये उभ्या. हॉस्पिटलच्या त्या खोलीत, तुझ्या पलंगाच्या पायथ्याशी, त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गणिताच्या शिक्षकाचा होता. किती दिवसांपासून दुखत होतं?

मी म्हणालो, "नोव्हेंबरमध्ये कळलं. त्याआधी तो आम्हाला काही बोलला नाही."

मावशींनी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. तू जागा होतास. माझं इंग्रजी तुला समजायला दुभाष्या लागत नव्हता. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. मी ते शब्द परत घेतो का, एवढंच पाहत होतास, असं मला वाटतं. मग डोळे मिटलेस. दुसऱ्याचा फाउल आपण सांगायचा नसतो. तो ज्याचा त्याने सांगायचा.

त्यानंतर तू नऊ दिवस होतास. मी रोज यायचो, पुस्तक घेऊन बसायचो, तुला पाणी द्यायचो. पहिले तीन-चार दिवस तू मधूनमधून बोलत होतास. तेवढ्यात मला सांगता आलं असतं. बाबा खोलीतच असायचे. मावशी संध्याकाळी यायच्या. मी उद्यावर टाकत गेलो.

तुझे बाबा आमच्याकडे राहिले, तुझ्याच खोलीत. सकाळी खाली येऊन वसुधाने केलेला चहा प्यायचे, दोन्ही हातांनी कप धरून, आणि मला किंचित वाकून नमस्कार करायचे. आभार मानत होते ते. तुला ठेवून घेतलं म्हणून. दर सकाळी. तू गेल्यानंतरच्या आठव्या सकाळी मला तो नमस्कार घेववेना. वसुधाकडे पाहिलं. तिने चौदा महिन्यांत एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलेलं नाही. तेव्हाही म्हणाली नाही. "मावशींना फोन करा," एवढंच म्हणाली.

मावशी दुपारी आल्या. जेवणाच्या टेबलाशी बसून मी सांगितलं. जून, पुस्तकं, आकृत्या, ऑगस्ट, पार्किंगमधलं तुझं वाक्य आणि माझं वाक्य. हॉस्पिटलमध्ये मी खोटं बोललो तेही. मावशी एका ठिकाणी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, मग डोळे टेबलावर ठेवून पुढचं भाषांतर केलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी विचारलं, तो कसा उभा राहायचा?

मी शब्दांत सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. दाखवा.

मी उठलो. आमच्या जेवणाच्या टेबलावर वाकलो, रिकाम्या हातांनी, पाय समांतर, गुडघे वाकवून. तुझे बाबा माझ्याभोवती फिरले. मागे थांबले. माझ्या उजव्या गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दोन बोटं टेकली आणि ढकलली, हलकेच, गुडघा सरळ होईपर्यंत. नंतर बोटं काढून घेतली. गुडघा पुन्हा वाकवा, अशी खूण केली. मी वाकवला. ते पाहत राहिले.

"यात त्याचा मोठा ब्रेक किती?" मावशींनी विचारलं, त्यांच्या वतीने.

"एकशे एकेचाळीस."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, छोट्या वहीत आकडा लिहिला, वही मिटली. मग खिडकीकडे तोंड करून एक वाक्य म्हणाले. फार लांब नव्हतं. आवाज नेहमीचाच होता.

मावशींनी त्याचं भाषांतर केलं नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"नथिंग. ही इज टायर्ड."

ते जिना चढून वर गेले. दुसऱ्या सकाळी त्यांनी चहा घेतला. नमस्कार केला नाही.

काल सकाळी तुझे बाबा तुझ्या अस्थी घेऊन गेले. विमानतळावर मी आणि वसुधा गेलो होतो. वरची खोली आता रिकामी आहे. त्यांचं ते वाक्य तुझ्या मावशींना माहीत आहे. त्या इथून दहा मिनिटांवर राहतात. मी अजून विचारायला गेलेलो नाही.